‘आमची ऋणे आम्हांला सोड’: ख्रिस्ती क्षमेची पार्श्वभूमी

मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या ६व्या अध्यायातल्या प्रभूच्या प्रार्थनेत ‘पाप’ नाही, ‘ऋण’ आहे. येशूच्या अरामी बोलीत दोन्हींना एकच शब्द होता. नवापूर-नंदुरबारकडच्या मंडळीत (चर्चमध्ये) सावकाराची वही कुणाला समजावून सांगावी लागत नाही. कर्ज सोडले तरी ते हवेत विरत नाही, तेवढी खोट सोडणाऱ्याच्याच पदरी पडते. येशूच्या वधस्तंभाचा अर्थ इथून लागतो.

ऋण केवढे, तेही येशूने सांगितले (मत्तय १८). चाकराकडे राजाचे १०,००० तालांत येणे होते. एका तालांताचे सुमारे ६,००० दीनार, आणि दीनार म्हणजे मजुराचा एका दिवसाचा रोज. म्हणजे ६ कोटी दिवसांची मजुरी! तेवढी माफी मिळालेला हा चाकर १०० दीनारांसाठी सोबत्याची नरडी धरतो.

लूक १५मधल्या उधळ्या पुत्राचा हिशोबही पाहण्यासारखा आहे. थोरल्याला दुप्पट वाटा हा नियमशास्त्राचा दंडक, म्हणून दोघा भावांत धाकट्याला एक तृतीयांश. तो उडवून परतताना त्याने तीन वाक्ये जुळवली: मी पाप केले, मुलगा म्हणवून घ्यायच्या लायकीचा नाही, मला मोलकऱ्यासारखे ठेवा. आपल्याकडे आखाजीला (अक्षय तृतीयेला) ठरलेल्या सालदाराला वर्षभराची तरी हमी असते. इथला मूळ ग्रीक शब्द मात्र मोलाने राबणाऱ्या मजुराचा आहे. बहुतेक हस्तलिखितांत ते तिसरे वाक्य बापासमोर उच्चारलेच जात नाही. तोवर बापाने झगा, अंगठी, जोडे मागवलेले असतात.

मंडळीला हे पचायला फार वेळ लागला. इ.स. २५० साली रोमन सम्राट डेसियसने देवतांना यज्ञ करण्याची सक्ती केली. पुष्कळांनी भीतीने यज्ञ केला, काहींनी पैसे देऊन यज्ञ केल्याचा नुसता दाखला मिळवला. छळ ओसरल्यावर रोमचा पाळक नोव्हेशियन याने अशांना परत घ्यायला नकार दिला. कार्थेजचा बिशप सिप्रियन याने दाखलेवाले आणि यज्ञवाले वेगळे तपासून, प्रायश्चित्तानंतर दार उघडे ठेवले. ३२५च्या निकिया इथल्या धर्मपरिषदेने तर परतणाऱ्या नोव्हेशियनपंथी पाळकांकडून लेखी घेतले की, पतितांशी (छळात ढळलेल्यांशी) सहभागिता ठेवू. मध्ययुगात पापाच्या शिक्षेची सूट पैशांवर मिळू लागली आणि १५१७मध्ये जर्मन धर्मसुधारक ल्यूथर त्याविरुद्ध उभा राहिला.

आजही घोळ होतो तो क्रमाचा. ‘आधी दारू सोड, मग देवाकडे ये’ असे सांगितले जाते; पौलाचे रोमकरांस पत्र (५:८) म्हणते, आपण पापी असतानाच ख्रिस्त मेला. उलट टोकाची चूक म्हणजे क्षमा आहे म्हणून पाप चालू ठेवणे. पौलाने ती पुढच्याच अध्यायात खोडली. मारझोड सोसणाऱ्या बाईला ‘क्षमा कर आणि त्याच घरात राहा’ असे सांगणे हीसुद्धा क्षमेची शिकवण नव्हे. ऋण सोडणे वेगळे, पुन्हा विश्वास टाकणे वेगळे.

क्षमेचा खरा क्रम असा: यरीहोचा जकातदार जक्कय याच्याकडे येशू आधी उतरला. अर्धी मालमत्ता गरिबांना आणि लुबाडलेले चौपट परत, हे जक्कय त्यानंतर बोलला.