न दिसणारी लुकलुक

आपल्याकडची वीज सेकंदाला 50 फेऱ्या मारते आणि प्रत्येक फेरीत दोनदा तिचा जोर शून्यावर येतो. म्हणजे चोक-स्टार्टरवाली जुनी ट्यूब सेकंदाला 100 वेळा मंदावते. तरी तिचा उजेड आपल्याला सलग दिसतो. पिवळ्या बल्बलाही तीच वीज मिळते, पण त्याची तापलेली तार इतक्या चटकन निवत नाही, त्यामुळे त्याच्या उजेडात चढउतार थोडाच.

लुकलुक किती वेगाने झाली की डोळा फसतो? ते उजेडावर ठरतं. अंधुक उजेडात, जिथे फक्त दंडपेशींचं (डोळ्यातल्या, अंधुक उजेड टिपणाऱ्या पेशींचं) काम चालतं, सेकंदाला 15-20 ठोके पुरतात. लख्ख उजेडात 50-60 लागतात, कधी त्याहूनही जास्त. फिल्मच्या सिनेमात सेकंदाला 24 चित्रं असत, पण उजेडही तेवढ्याच वेळा पाडला तर पडदा फडफडायचा. म्हणून प्रोजेक्टरचं फिरतं पातं प्रत्येक चित्रावर दोनदा किंवा तीनदा उजेड पाडत असे. चित्रं 24च, ठोके 48 किंवा 72!

नजरेची कड याबाबतीत जास्त चाणाक्ष असते. जुन्या ट्यूबची दोन टोकं आलटून पालटून, म्हणजे प्रत्येकी 50 वेळा, कमीजास्त होतात. सरळ बघितलं तर काही कळत नाही, पण तिरक्या नजरेला ते टोक थरथरताना दिसू शकतं.

खरं तर डोळ्याला स्थिर उजेडाचंच वावडं आहे. दृष्टिपटलाच्या बऱ्याचशा चेतापेशी बदल झाला की जोरात संदेश पाठवतात आणि बदल थांबला की गप्प होत जातात. 1950च्या दशकात शास्त्रज्ञांनी प्रतिमा डोळ्याबरोबरच हलेल अशी युक्ती केली, तेव्हा ती काही सेकंदांत दिसेनाशीच झाली. एरवी तसं होत नाही, कारण टक लावून बघतानाही डोळा बारीक झटके घेत असतो. उलट सेकंदाला 8-10 वेळा लुकलुकणारा दिवा, अर्धा वेळ विझलेला असूनही, तितक्याच प्रखर स्थिर दिव्यापेक्षा उजळ भासतो.

जाणवत नाही म्हणून लुकलुक निरुपद्रवी, असं मात्र नाही. 1989 साली प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात कार्यालयातल्या ट्यूबना सेकंदाला हजारो ठोके देणारे इलेक्ट्रॉनिक चोक बसवले, तर डोकेदुखीच्या आणि डोळ्यांच्या तक्रारी निम्म्याहून कमी झाल्या. वर्कशॉपमधला धोका वेगळाच: लेथ यंत्राचा चक (वस्तू पकडून फिरवणारा भाग) आणि उजेडाचा ताल जुळला की फिरता चक थांबल्यासारखा दिसतो. त्यामुळे तिथले दिवे विजेच्या तीन वेगवेगळ्या फेजवर वाटून देतात, म्हणजे सगळे एकदम मंदावत नाहीत.

एलईडीने हा प्रश्न पुन्हा घरात आणलाय. एलईडीला तारेसारखी ऊब धरून ठेवता येत नाही. आतला ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला वीज पुरवणारं सर्किट, स्वस्तातला असेल तर उजेड सेकंदाला 100 वेळा सरळ खाली कोसळतो. बल्ब तपासायचा असेल तर खोलीत तेवढा एकच दिवा ठेवा आणि त्याखाली पेन्सिल झपाझप हलवा. पुसट, सलग पट्टा दिसला तर बल्ब चांगला. एकाच्या जागी सुट्ट्या सुट्ट्या अनेक पेन्सिली दिसल्या, तर अभ्यासाच्या टेबलावर तो नको, जिन्यात लावा.