दारूची थरथर आणि अफूचं अंग मोडणं

बीडकडचा एखादा ट्रक ड्रायव्हर डोळ्यासमोर आणा. रात्री क्वार्टर, आणि लांबच्या फेरीत अंग धरू नये म्हणून डोडा, म्हणजे अफूच्या बोंडांचा चुरा, नाहीतर ट्रामाडॉलची कॅप्सूल. घरच्यांनी एक दिवस दोन्ही तोडलं. दुसऱ्या दिवशी हात थरथरतात, घाम फुटतो, उलट्या होतात, छाती धडधडते. बायको सांगते, "मालक दारूच पितात हो, बाकी कायबी नाही." तिच्या लेखी ती अंगदुखीची गोळी, नशा नव्हे.

हा त्रास दारूचा की अफूचा? थरथर, घाम आणि उलट्या दोन्हींत येतात. अफूवाल्याला मात्र जांभयांवर जांभया येतात, नाकाडोळ्यांतून पाणी गळतं, अंगावर काटा येतो, बाहुल्या मोठ्या होतात, जुलाब लागतात, हाडं ठणकतात. हेरॉइन, कोडीनचं सिरप, ट्रामाडॉल ही सगळी अफूचीच भावकी. माणूस कळवळतो, पाया पडतो, पण शुद्धीवर असतो. जुलाब-उलट्यांनी पाणी फार कमी झालं नाही तर सहसा जिवावर बेतत नाही.

दारूचं उलटं. शेवटच्या घोटानंतर ६ ते २४ तासांत थरथर सुरू होते, फिट बहुतेक ६ ते ४८ तासांत येते. २ ते ४ दिवसांत काहींना भिंतीवर किडे दिसतात, पोटचं पोर ओळखू येत नाही. (आपल्याकडे इथं 'बाहेरचं लागलं' म्हणून अंगारा लावण्यात एक रात्र जाते. तीच रात्र महत्त्वाची असते.) ओरडणारा अफूवाला आणि गप्प बसून चादर चाचपणारा दारूवाला शेजारी असतील, तर आधी दुसऱ्याकडे धावायचं.

औषधंही वेगळी. दारूसाठी डायझेपाम किंवा क्लोरडायझेपॉक्साइड. लिव्हर खराब असेल तर लोराझेपाम. सोबत थायमिन, म्हणजे बी-१, आणि तेही ग्लुकोजच्या आधी. नुसतं सलाईन लावून 'ताकद आली' म्हणणं इथं चालत नाही. अफूसाठी ब्युप्रेनॉर्फिन, तेही त्रास उघड दिसू लागल्यावरच; घाई केली तर तीच गोळी त्रास एकदम भडकवते.

दोन्ही एकत्र असलं की खरी कसरत. क्लोनिडिन अफूवाल्याची धडधड शमवतं. पण दारूवाल्याची नाडी आणि बीपीही शांत दिसू लागतं, फिट मात्र थांबत नाही. ट्रामाडॉल मोठ्या डोसात स्वतःच फिट आणतं. डायझेपाम आणि ब्युप्रेनॉर्फिन एकत्र दिलं तर श्वास मंदावू शकतो. म्हणून एक नाकारायचं असं नाही, पण भरती करून, श्वासावर नजर ठेवून द्यायचं. दारूचा बंदोबस्त आधी. दारूची ओढ कमी करणारं नाल्ट्रेक्सोन तर अफू अंगात असताना दिलंच जात नाही. दिलं की काही मिनिटांत माणूस लोळायला लागतो. चहातून गुपचूप 'दारू सोडवायची पावडर' देणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

संभाजीनगरला घाटी रुग्णालयात न्या, अंबाजोगाईच्या मेडिकल कॉलेजात न्या, पण निघताना उशीखालची रिकामी पाकिटं, सिरपची बाटली, डोड्याची पुडी सगळं पिशवीत टाका. शेवटचं काय, किती वाजता घेतलं तेही कागदावर लिहा. निघायच्या आधी काही विचारायचं असेल तर सरकारी व्यसनमुक्ती हेल्पलाइन १४४४६. फिट आली किंवा माणूस बरळू लागला असेल तर हेल्पलाइनच्या नादी लागू नका, थेट १०८ ची अँब्युलन्स बोलवा.