सायबरवेअर आणि गिअर : सायबरपंक रोल-प्लेइंग खेळांतील नियमांचे प्रश्न

सायबरपंक धाटणीच्या, म्हणजे यंत्रमय भविष्यात घडणाऱ्या, टेबलटॉप रोल-प्लेइंग खेळांत (टेबलाभोवती बसून, फासे टाकत पात्रे रंगवण्याच्या खेळांत) पात्राच्या शरीरात बसवलेल्या यांत्रिक किंवा इलेक्ट्रॉनिक भागांना सायबरवेअर म्हणतात. पात्र जे अंगावर घालते, हातात धरते किंवा पाठीवर वाहते ते गिअर. पुस्तकात दोन्हींचे तक्ते वेगळे असतात, पण टेबलावर खेळ सुरू झाला की ही विभागणी डळमळू लागते. हातातली तलवार दारावरच्या पहारेकऱ्याकडे ठेवावी लागते, हिसकावता येते, विकता येते. तेच पाते मनगटातून बाहेर येत असेल तर ते शस्त्र मानायचे की हात? त्याला कोणते कौशल्य लावायचे, चिलखताचे काय करायचे आणि पहारेकऱ्याला ते दिसते का? अशा प्रश्नांचा माग काढला की बहुतेक वेळा एकच मूळ सापडते : ही वस्तू शरीराची की सामानाची? प्रत्येक खेळाने ती रेघ वेगळ्या ठिकाणी मारली आहे, म्हणून एका खेळातले उत्तर दुसऱ्यात चालत नाही.

या प्रकारातला पाया घालणारा खेळ म्हणजे माइक पाँडस्मिथ यांचा ‘सायबरपंक’. तो आर. टॅलसोरियन गेम्सने १९८८ मध्ये काढला. त्याची दुसरी आवृत्ती ‘सायबरपंक २०२०’ ही १९९० ची, आणि सध्या खेळली जाणारी ‘सायबरपंक रेड’ २०२० ची. जादू आणि यंत्रे एकत्र आणणारा ‘शॅडोरन’ १९८९ मध्ये आला. त्याची पाचवी आवृत्ती २०१३ ची आणि सहावी २०१९ ची. ‘गर्प्स सायबरपंक’ या नियमपुस्तकाचे हस्तलिखित तर १ मार्च १९९० रोजी अमेरिकी सीक्रेट सर्व्हिसने स्टीव्ह जॅक्सन गेम्सच्या ऑस्टिन येथील कार्यालयातून जप्त केले होते. कंपनीने खटला भरला आणि १९९३ मध्ये तो जिंकला. पुढची चर्चा मुख्यतः ‘रेड’ आणि ‘शॅडोरन’ यांच्याभोवती आहे, कारण नियमांचा काथ्याकूट सर्वाधिक तिथेच होतो.

शरीराची किंमत

सायबरवेअरला पैशांखेरीज आणखी एक किंमत असते. ‘रेड’मध्ये तिला ह्युमॅनिटी म्हणतात. पात्राचा एम्पथी गुण (इतरांच्या भावना ओळखण्याची क्षमता) गुणिले दहा, एवढी ह्युमॅनिटी सुरुवातीला मिळते. एम्पथी ६ असेल तर ६०. मेंदूशी जोडणारी न्यूरल लिंक बसवली की ७ गुण जातात आणि ५३ उरतात. ह्युमॅनिटीचा दशकाचा आकडा हीच चालू एम्पथी, म्हणून ती ६ वरून ५ होते. त्यावर इंटरफेस प्लग्ज (यंत्रे शरीराला जोडण्याच्या खोबण्या) बसवले की आणखी ७ जाऊन ४६, आणि एम्पथी ४. इथे नवखा खेळाडू विचारतो, ‘मग कौशल्येही घसरतात का?’ होय. एम्पथीवर उभी असलेली सगळी कौशल्ये घसरतात, आणि समोरच्याचा खोटेपणा ओळखण्याचे कौशल्य त्यांतच आहे. हा नियम मला फार सुंदर वाटतो. ह्युमॅनिटी संपून पात्र वेडे होण्याच्या कितीतरी आधी त्याला माणसे वाचता येईनाशी होतात, आणि हे वर्णनाने न सांगता फाशांतून जाणवते.

गुण परत मिळवण्यासाठी थेरपी आहे, पण तिलाही मर्यादा आहे. ह्युमॅनिटी घेणारा प्रत्येक भाग कमाल मर्यादा २ ने खाली आणतो, बोर्गवेअर प्रकारातला (माणसाला जवळजवळ यंत्र बनवणारा) भाग ४ ने. वरच्या उदाहरणात दोन भागांमुळे मर्यादा ५६ झाली. थेरपीने ४६ चे ५६ करता येतील, एम्पथी पुन्हा ५ होईल. ६ मात्र भाग काढल्याशिवाय होणार नाही. भाग काढला तरी फक्त मर्यादा वर सरकते, गमावलेले गुण आपोआप परतत नाहीत. या दोन गोष्टींची गल्लत इतक्यांदा होते की कॅरेक्टर शीटवर चालू ह्युमॅनिटी आणि कमाल ह्युमॅनिटी असे दोन रकाने पहिल्याच दिवशी आखून ठेवावेत.

तक्त्यात ह्युमॅनिटीची किंमत दोन प्रकारे दिलेली असते : ठरलेला आकडा आणि फासे, जसे ७ आणि दोन सहापैलू फासे. पात्र बनवताना ठरलेला आकडा धरायचा. खेळ सुरू झाल्यावर फासे टाकायचे. म्हणजे तोच भाग नंतर २ गुणांत पडू शकतो किंवा १२ गुणांत. सावध खेळाडू म्हणूनच सुरुवातीलाच शक्य तेवढे बसवून घेतात. नियमाच्या दृष्टीने त्यात गैर काही नाही, पण त्यामुळे खेळाच्या ओघात शरीर हळूहळू बदलत जाण्याची मजा हरवते. गेम मास्टरने (खेळ चालवणाऱ्याने) नंतरही ठरलेलाच आकडा वापरू दिला तर खेळाचा तोल फारसा ढळत नाही.

‘शॅडोरन’चा हिशेब वेगळा. तिथे प्रत्येकाला ६ एसेन्स (शरीराच्या अखंडपणाचा गुण) मिळतो आणि प्रत्येक भाग त्यातला तुकडा घेतो. एसेन्स शून्यावर आला की पात्र मरते. पाचव्या आवृत्तीत प्रतिक्रियेचा वेग वाढवणाऱ्या वायर्ड रिफ्लेक्सेसची पहिली पातळी २ एसेन्स खाते. तीच अल्फावेअर या वरच्या प्रतीत घेतली तर ०.८ ने गुणून १.६, आणि त्याहून उंची डेल्टावेअरमध्ये निम्मी, म्हणजे १. ‘साध्या प्रतीचे काढून डेल्टा बसवले तर १ एसेन्स परत मिळतो का?’ हा इथला नेहमीचा प्रश्न. एसेन्स परत येत नाही. त्या जागी १ चा खड्डा राहतो, आणि पुढचा भाग बसवताना आधी तो खड्डा भरला जातो. त्यामुळे प्रत सुधारण्यावर केलेला खर्च वाया जात नाही, पुढच्या भागासाठी जागा म्हणून शिल्लक राहतो.

जादूगारासाठी हाच नियम कठोर होतो. एसेन्सचा पूर्ण गुण जावो किंवा त्याचा अंश, मॅजिक गुण एकाने कमी होतो. मेंदूला संगणक जोडणारा डेटाजॅक फक्त ०.१ घेतो, पण मॅजिक पूर्ण १ ने उतरते. परिणाम असा की एकदा डेटाजॅक बसवलेला जादूगार उरलेले ०.९ही भरून टाकतो, कारण त्याची वेगळी किंमत उरत नाही. लेखकांना जादूगाराला यंत्रांपासून दूर ठेवायचे असावे. नियम मात्र त्याला ‘घ्यायचेच तर पूर्ण एक गुणाचे घे’ असा सल्ला देतो. चौथ्या आवृत्तीत सायबरवेअर आणि बायोवेअर (जैविक भाग) यांच्या एसेन्सच्या बेरजा वेगळ्या ठेवून लहान असलेली निम्मी करत. पाचवीत ती सवलत नाही, म्हणून जुन्या आवृत्तीतले पात्र नव्या आवृत्तीत नेताना आकडे जुळत नाहीत.

एक हात लोखंडाचा

पात्राचा एकच हात यांत्रिक असेल आणि त्याची स्ट्रेंग्थ ८, बाकी शरीराची ३ असेल, तर पात्राची ताकद किती धरायची? ‘शॅडोरन’च्या पाचव्या आवृत्तीचे उत्तर नीट विचार केलेले आहे. काम एकाच अवयवाचे असेल तर त्या अवयवाचा गुण धरायचा, म्हणून त्या हाताचा ठोसा ८ चा. अनेक अवयव गुंतले असतील तर त्यांची सरासरी, अपूर्णांक सोडून. दोन हातांनी पेटी उचलताना ८ आणि ३ यांची सरासरी ५.५, म्हणजे ५. चारही अवयव लागणाऱ्या चढाईत ती ४ होते. आणि अनेक अवयवांचा नाजूक मेळ लागत असेल तर सर्वांत दुबळा अवयव ठरवतो, म्हणजे ३. वाद होतो तो चढाईला साधे काम म्हणायचे की नाजूक मेळाचे, यावर. ते पुस्तकाने गेम मास्टरवर सोडले आहे, आणि ते योग्यच आहे.

‘रेड’ या गणितात शिरत नाही. तिथे यांत्रिक हात बॉडी (शरीराचा दणकटपणा) गुण वाढवत नाही, फक्त अशक्त पात्राच्या ठोशाचे नुकसान एका फाशावरून दोन फाशांवर नेतो. हातात बिग नक्स (बोटांची टणक केलेली पेरे) बसवले तर चित्र बदलते. तो ठोसा दिसत असला तरी नियमात मध्यम मेली (जवळून वापरायचे) शस्त्र आहे, म्हणून मेली शस्त्राचे कौशल्य लागते आणि समोरच्याचे चिलखत निम्मे मोजले जाते. साध्या ब्रॉलिंगला, म्हणजे मुठींच्या मारामारीला, ती सवलत नाही. मुठीत असलेली वस्तू नियमात मूठ नसते, हे एकदा ध्यानात आले की वुल्व्हर्स आणि रिपर्स या हातातून बाहेर येणाऱ्या नख्यांचेही कोडे सुटते.

चिलखतावर चिलखत

जुन्या ‘सायबरपंक २०२०’मध्ये एकावर एक तीनपर्यंत थर चढवता येत. दोन थरांच्या स्टॉपिंग पॉवरमधला (थर किती मार अडवतो त्या आकड्यातला) फरक पाहून तक्त्यातून बोनस काढायचा आणि तो मोठ्या आकड्यात मिळवायचा. १४ आणि १२ हे थर असतील तर फरक २, बोनस ५, एकूण १९. कातडीखाली विणलेले स्किनवीव्ह हाही थर मोजला जाई, पण हालचालीला अडथळा करत नसे. साहजिकच जवळजवळ प्रत्येक लढवय्या स्किनवीव्ह घेऊ लागला आणि पिस्तुले निरुपयोगी वाटू लागली. ‘रेड’ने हा प्रश्न एका वाक्यात संपवला : सर्वांत मोठा आकडाच चालेल, आणि झीज मात्र सगळ्या थरांची एकदम होईल. कातडीखालचे सबडर्मल आर्मर ११ चे आणि वर घातलेले लाइट आर्मरजॅकही ११ चे, तर संरक्षण ११ च. मग शरीरातले चिलखत घ्यायचे कशाला? कारण ते जेवणाच्या मेजावर, झोपेत आणि झडतीनंतरही अंगावरच असते.

साखळीतली कडी

‘स्मार्टगन घेतली, मग +१ का मिळत नाही?’ हा ‘रेड’मधला नवख्यांचा सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न असावा. नेम साधायला मदत करणारी, बंदुकीला जोडलेली स्मार्टगन लिंक एकटी काही करत नाही. तिला पात्राकडे इंटरफेस प्लग्ज किंवा सबडर्मल ग्रिप (तळहातातली जोडणी) लागते, आणि त्या दोन्हींना न्यूरल लिंक. बंदूक हे गिअर आणि बाकीचे शरीर, म्हणून एकाच फायद्याचा खर्च दोन तक्त्यांत विखुरलेला असतो. जागेचेही बंधन आहे : सायबरआयमध्ये (यांत्रिक डोळ्यात) ३ ऑप्शन स्लॉट (जोडभागांच्या जागा), सायबरआर्ममध्ये ४, न्यूरल लिंकमध्ये ५. वेग वाढवणाऱ्या भागांपैकी एका वेळी एकच बसतो. केरेंझिकोव्ह इनिशिएटिव्हला (लढाईत कोणाची पाळी आधी हे ठरवणाऱ्या आकड्याला) कायम +२ देतो, सँडेव्हिस्टन +३ देतो पण फक्त मिनिटभर. ‘शॅडोरन’मध्ये नेमाचे हेच काम करणारी स्मार्टलिंक गॉगलमध्ये असेल तर एक जास्तीचा फासा, शरीरात असेल तर दोन. शरीरात बसवण्याचे इतके स्पष्ट बक्षीस क्वचितच दिसते.

पाचव्या आवृत्तीने त्यावर वायरलेस बोनस आणला. उपकरण नेटवर्कला जोडलेले असेल तर जास्त चांगले चालते. उदाहरणार्थ वायर्ड रिफ्लेक्सेस आणि रिॲक्शन एन्हान्सर्स (प्रतिक्रिया जलद करणारे भाग) यांच्या फायद्यांची बेरीज दोन्ही वायरलेस असतील तेव्हाच होते. पण जोडलेले उपकरण हॅकही होते. हॅकर पात्राला लढाईत काम मिळावे हा हेतू स्तुत्य होता. तरी स्वतःच्या शरीरातल्या दोन भागांना एकमेकांशी बोलायला बाहेरचे नेटवर्क का लागावे, याचे पटणारे उत्तर पुस्तक देत नाही, आणि अनेक गटांनी हा नियम बाजूला ठेवला.

अवयव की अलंकार

ह्युमॅनिटीच्या नियमावर एक गंभीर आक्षेप आहे. अपघातात हात गेलेल्या माणसाने कृत्रिम हात बसवला म्हणून तो कमी माणूस का व्हावा? कृत्रिम अवयव वापरणाऱ्या खेळाडूंना हा नियम टोचतो आणि त्यांचे म्हणणे रास्त आहे. ‘रेड’ने गमावलेल्या अवयवाची जागा घेणाऱ्या वैद्यकीय प्रतीच्या भागांना ह्युमॅनिटीतून वगळले. किंमत पडते ती माणसाच्या मर्यादेपलीकडे नेणाऱ्या भागांना. फॅशनवेअरलाही (मुख्यतः शोभेच्या भागांनाही) ह्युमॅनिटी लागत नाही. रेघ कुठे ओढावी यावर मतभेद राहतील, पण ती उपयोगानुसार ओढणे हे वस्तूनुसार ओढण्यापेक्षा कितीतरी माणुसकीचे आहे.

मेलेल्याचे भाग

लढाई संपली की कोणीतरी हमखास विचारते, ‘याच्या शरीरातले भाग काढून घेता येतील का?’ जिवंतपणी जे शरीर होते ते आता सामान झाले. ‘शॅडोरन’च्या पाचव्या आवृत्तीत त्यासाठी ‘यूज्ड’ (वापरलेली) ही प्रत आहे : किंमत पाऊणपट, एसेन्स सव्वापट. मेलेल्याचे वायर्ड रिफ्लेक्सेस स्वतःला बसवले तर २ ऐवजी २.५ एसेन्स जातो.