पंप तोच, मग आजीला गुण का येत नाही?

आपल्याकडे धाप लागली की तो ‘दमा’. बारा वर्षांच्या नातवाची रात्री शिट्टीसारखी वाजणारी छाती म्हणजे दमा, आणि चाळीस वर्षं फुंकणी घेऊन चुलीपुढे बसलेल्या आजीला जिना चढताना लागणारी धाप, तीही दमाच. डॉक्टर मात्र आजीच्या आजाराला सीओपीडी म्हणतात, म्हणजे श्वासमार्ग कायमचे अरुंद करणारा फुप्फुसांचा जुनाट आजार. पुष्कळदा दोघांच्या हातात सारखाच स्टेरॉइडचा पंप असतो. नातू काही आठवड्यांत मैदानावर पळायला लागतो, आजीला मात्र फारसा फरक पडत नाही. मग घरात निकाल लागतो, ‘आजी पंप नीट ओढत नाही.’ कधी कधी ते खरंही असतं. पण पंप बिनचूक ओढूनही गुण कमी येतो, आणि त्याचं एक कारण फुप्फुसातल्या पेशींच्या केंद्रकात सापडलं आहे. मला ते फार देखणं वाटतं, म्हणून हा लेख.

एका पेशीतला डीएनए सरळ केला तर साधारण २ मीटर भरतो, आणि तो मावतो मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढ्या किंवा त्याहूनही लहान केंद्रकात. भोवऱ्याला जाळी गुंडाळावी तसा तो हिस्टोन नावाच्या प्रथिनांच्या गोळ्यांवर गुंडाळलेला असतो. एका गोळ्यावर पुरते पावणेदोन वेढेही नसतात. डीएनएच्या अक्षरांच्या १४७ जोड्यांचा एक तुकडा, की लगेच पुढचा गोळा. डीएनएवर ऋणभार असतो आणि हिस्टोनच्या बाहेर लोंबणाऱ्या शेपट्यांमधल्या लायसिन या अमिनो आम्लावर धनभार, म्हणून पकड घट्ट बसते. घट्ट गुंडाळलेलं जनुक पेशीला वाचता येत नाही. वाचायचं असेल तेव्हा काही विकरं (एन्झाइम) लायसिनला ॲसिटिल गट, म्हणजे अणूंचा एक छोटा पुंजका, चिकटवतात. धनभार नाहीसा होतो आणि वेढे सैलावतात. वाचून झालं की ॲसिटिल खरवडून काढणारी विकरं येतात. त्यांच्यापैकी एकाचं नाव एचडॅक-२. ते नाव लक्षात ठेवा, बाकीची विसरलात तरी चालेल.

धूर छातीत गेला की तिथल्या भक्षक पेशींमध्ये दाहाची जनुकं उघडतात. उदाहरणार्थ, इंटरल्यूकिन-८चं जनुक. त्यापासून बनणारं प्रथिन रक्तातल्या पांढऱ्या पेशींना ‘इकडे या’ अशी हाक देतं. आता स्टेरॉइड काय करतं? ते पेशीत शिरून आपल्या ग्राहीला, म्हणजे त्याला ओळखून धरणाऱ्या प्रथिनाला, चिकटतं आणि ही जोडी केंद्रकात जाऊन नेमकी त्या उघड्या जनुकापाशी पोचते. पण तिथे ते स्वतः काहीच बंद करत नाही! ते एचडॅक-२ला बोलावून आणतं. एचडॅक-२ ॲसिटिल काढतं, वेढे आवळले जातात आणि जनुक गप्प होतं. म्हणजे दारापर्यंत घेऊन येणारा एक आणि कुलूप लावणारा दुसरा. नातवाच्या छातीत दोघंही हजर असतात.

आजीच्या छातीतला कुलूपवालाच जायबंदी झालेला असतो. सिगारेटच्या एका झुरक्यात सुमारे एकावर पंधरा शून्यं इतकी मुक्त मूलकं, म्हणजे दिसेल त्या रेणूचं ऑक्सिडीकरण करत सुटणारे अस्थिर कण, असतात. (आजीने विडीला कधी हात लावलेला नसतो, पण लाकूड-गोवऱ्यांचा धूर काही सोवळा नव्हे. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये धूम्रपान न करणाऱ्यांच्या सीओपीडीवर लिहिलं, त्यात चुलीच्या धुराला मोठं स्थान आहे.) शिवाय हाकेला ओ देऊन आलेल्या पांढऱ्या पेशी स्वतःही सुपरऑक्साइड हे असंच एक मूलक सोडतात. सुपरऑक्साइडची गाठ नायट्रिक ऑक्साइडशी पडली की पेरॉक्सिनायट्राइट हा आडदांड रेणू तयार होतो. तो एचडॅक-२मधल्या टायरोसीनच्या कड्यावर नायट्रो गट बसवतो आणि विकर लुळं पडतं. दुसरीकडे याच ऑक्सिडीकरणाच्या ताणाने पीआय-३-के-डेल्टा नावाचं विकर चेकाळतं. त्याच्यामुळे एचडॅक-२वर फॉस्फेट बसतं, त्यावर युबिक्विटिनचा शिक्का पडतो, आणि असा शिक्का बसलेल्या प्रथिनाची रवानगी पेशीच्या मोडीत होते. थोडक्यात, आहेत ती विकरं लुळी आणि त्यांची संख्याही घटलेली. गंमत म्हणजे एचडॅक-२चं आणखी एक गिऱ्हाईक आहे, खुद्द स्टेरॉइडचा ग्राही. स्टेरॉइड चिकटल्यावर ग्राहीवरही ॲसिटिल बसतं, आणि ते काढल्याशिवाय त्याला दाहाच्या जनुकांना नीट दाबता येत नाही. म्हणजे एकाच बिघाडाचा दोनदा फटका. बार्न्स यांचे सहकारी काझुहिरो इतो आणि मंडळींनी २००५ मध्ये रुग्णांच्या फुप्फुसांचे नमुने तपासले तेव्हा चित्र स्वच्छ दिसलं. आजार जितका वाढलेला, तितकी या विकरांची क्रिया कमी आणि इंटरल्यूकिन-८च्या जनुकापाशी हिस्टोनवरचं ॲसिटिल जास्त.

इथवर आलेल्या वाचकाच्या मनात आवळ्याचा रस, ‘डिटॉक्स’ चूर्ण आणि अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या यायला लागल्या असतील. जरा थांबा. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर मोठी चाचणी झाली. तिचे निष्कर्ष १९९४ मध्ये आले, तेव्हा बीटा-कॅरोटीन या अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या घेणाऱ्यांमध्ये फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त आढळला. अमेरिकेतली तशीच दुसरी चाचणी १९९६ मध्ये मुदतीआधीच थांबवावी लागली. ऑक्सिडीकरण म्हणजे घासून काढायचा गंज, ही समजूतच चुकीची आहे. एलएसडी-१ नावाचं विकर हिस्टोनवरचा मिथिल गट काढताना स्वतःच हायड्रोजन पेरॉक्साइड बनवतं. २००८ मध्ये इटालियन संशोधकांनी दाखवलं, की इस्ट्रोजेनमुळे जनुकं उघडताना हेच पेरॉक्साइड शेजारच्या डीएनएतलं ग्वानिन हे अक्षर ऑक्सिडाइझ करतं, ते दुरुस्त करायला आलेली विकरं डीएनए वाकवायला मदत करतात आणि जनुक सुरू होतं. म्हणजे पेशी तिथे मुद्दाम थोडी जाळपोळ करून काम साधते. तिथे सरसकट पाणी ओतणाऱ्या गोळीचं काय करायचं?

मग एचडॅक-२लाच टेकू देता येईल का? जर्मन रसायनज्ञ आल्ब्रेख्त कोसेल यांनी १८८४ मध्ये हिस्टोन शोधले आणि चारच वर्षांनी चहाच्या पानांतून थिओफायलिन वेगळं काढलं. दोन्ही शोध एकाच माणसाचे, पण एकमेकांशी काडीचा संबंध नसलेले. थिओफायलिन पुढे दम्याची गोळी म्हणून घराघरात पोचलं. आणि २००२ मध्ये इतो-बार्न्स गटाला दिसलं, की अगदी थोड्या प्रमाणात ते हिस्टोन डीॲसिटिलेजची, म्हणजे एचडॅक-२च्या घराण्यातल्या विकरांची, क्रिया वाढवतं! पुढे सीओपीडीच्या रुग्णांच्या भक्षक पेशींवरही प्रयोग झाले, आणि थिओफायलिन दिल्यावर त्या पेशी स्टेरॉइडला पुन्हा दाद देऊ लागल्या. हे पाहायला कोसेल हवे होते.

पण बशीतल्या पेशी म्हणजे माणूस नव्हे. ब्रिटनमध्ये दीड हजारांहून अधिक रुग्णांना स्टेरॉइडच्या पंपाबरोबर कमी मात्रेचं थिओफायलिन देऊन पाहिलं. २०१८ मध्ये निकाल आला. आजार उसळण्याचे प्रसंग काही कमी झाले नाहीत.

हे वाचून आजीचा पंप मात्र फेकू नका. वारंवार आजार उसळणाऱ्या आणि रक्तात इओसिनोफिल या प्रकारच्या पांढऱ्या पेशी जास्त असणाऱ्या रुग्णांना सीओपीडीतही स्टेरॉइडचा उपयोग होतो. शिवाय अशा बहुतेक पंपांत श्वासनलिका रुंदावणारं दुसरं औषधही असतं, आणि ते काही एचडॅक-२ची वाट पाहत बसत नाही.