जुन्या एअर गनची मैत्रीपूर्ण नेमबाजी स्पर्धा भरवायचीय? परवानगी, पात्रता, कागदपत्रं आणि अर्ज, सगळं इथे

जुनी एअर गन जपून ठेवणारे खूप जण भेटतात, कोणाकडे आजोबांची डायना कंपनीची असते, कोणी बीएसए कंपनीची शोधून शोधून मिळवलेली असते, पण या गन वर्षभर कपाटातच असतात. एक दिवस सगळ्यांनी एकत्र यायचं, आपापली जुनी गन चालवायची, स्कोअर लावायचा, यात खरंच खूप मजा आहे. फक्त क्रम नीट ठेवा. आधी कायदा आणि रेंज (नेमबाजीची जागा), मग व्हिंटेज म्हणजे नक्की काय याचा नियम, आणि शेवटी अर्ज. लोक बहुतेक वेळा तारीख आणि पोस्टर आधी काढतात आणि मग परवानगीसाठी धावतात, तसं करू नका.

कायदा आधी बघा

एअर गनला परवाना लागतो की नाही हे देशानुसार बदलतं आणि फरक मोठा आहे. भारतात २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे एअर गनची ताकद २० ज्यूलच्या वर असेल किंवा बोअर (नळीच्या आतला व्यास) ४.५ मिमी (म्हणजे ०.१७७ इंच) पेक्षा मोठा असेल तर ती परवान्यात येते, म्हणजे ५.५ मिमीची जुनी रायफल कितीही मरगळलेली असली तरी बोअरमुळे ती वेगळ्या गटात जाते, हे खूप जणांच्या लक्षात येत नाही. इंग्लंडमध्ये रायफलसाठी १२ फूट-पाउंड (साधारण १६.३ ज्यूल) आणि पिस्तुलासाठी ६ फूट-पाउंड ही रेषा आहे, पण स्कॉटलंडमध्ये २०१६ च्या अखेरीपासून त्या रेषेखालच्या एअर गनलासुद्धा सर्टिफिकेट लागतं. जर्मनीत ७.५ ज्यूलपर्यंतच्या गनवर पंचकोनात एफ असा शिक्का लागतो, मात्र १ जानेवारी १९७० च्या आधी बनलेल्या गनला तो शिक्का नसला तरी चालतो. आपल्या विषयात हे फार महत्त्वाचं आहे कारण तिथे गन कधी बनली हा नुसता हौसेचा मुद्दा राहत नाही, कायद्याचा होतो. म्हणून तुमच्या भागातला नियम स्थानिक पोलीस ठाण्यात किंवा परवाना कार्यालयात लेखी विचारून घ्या आणि ते उत्तर फाइलला लावा. तोंडी "चालतंय की" यावर स्पर्धा भरवू नका.

रेंज आणि आयोजकाची फाइल

मान्यताप्राप्त क्लबची रेंज मिळाली तर निम्मं काम झालं, कारण बॅकस्टॉप (छर्रे अडवणारी मागची भिंत किंवा बांध), फायरिंग लाइन, विमा, रेंज ऑफिसर हे सगळं तिथे असतंच. खाजगी जागा असेल तर जागामालकाचं लेखी संमतीपत्र, रेंजचा नकाशा (गोळीबाराची दिशा, मागची भिंत किंवा मातीचा बांध, प्रेक्षक कुठे उभे राहणार), पोलिसांना दिलेल्या पत्राची पोच, सार्वजनिक जबाबदारीचा विमा आणि प्रथमोपचाराची सोय एवढं तरी कागदावर हवंच. विमा काढताना "नेमबाजी" आणि "पाहुणे स्पर्धक" हे दोन्ही शब्द पॉलिसीत आहेत का ते वाचून बघा, नाहीतर फक्त सभासदांनाच कव्हर निघतं.

व्हिंटेज कशाला म्हणायचं

वाद इथेच होतात, त्यामुळे अर्जाच्या आधी नियम लिहून टाका. पहिला प्रश्न, तारीख मॉडेलची धरायची की त्या विशिष्ट गनची? वायराउख कंपनीची एचडब्ल्यू ३५ ही रायफल १९५० च्या दशकात आली आणि पुढे कित्येक दशकं बनत राहिली. मग नव्वदीत बनलेली एचडब्ल्यू ३५ व्हिंटेज का? माझं मत स्पष्ट आहे, तारीख गनची धरा, मॉडेलची नाही, नाहीतर जवळपास नवी गन घेऊन कोणीही येईल आणि आजोबांची गन आणणाऱ्यावर अन्याय होईल.

दुसरं म्हणजे गट. १९३९ पर्यंतच्या एका गटात, महायुद्धानंतर १९७० पर्यंतच्या दुसऱ्या गटात, पिस्तुलं वेगळी, आणि मॅच रायफल पूर्ण वेगळ्या. शेवटचं अजिबात विसरू नका. फाइनवेर्कबाऊ कंपनीची ३०० ही जुनी आहे हे मान्य, पण ती धक्का न देणारी खास स्पर्धेसाठी बनवलेली रायफल, तिच्यासमोर साधी बॅरल मोडून कॉक करायची (म्हणजे स्प्रिंग ताणून तयार ठेवायची) स्प्रिंग गन ठेवली तर निकाल आधीच ठरला.

गन किती जुनी आहे याचा पुरावा म्हणून बिल मागू नका, कोणाकडेच नसतं. डायनाच्या बऱ्याच रायफलींवर स्प्रिंगच्या नळकांड्याच्या मागच्या बाजूला महिना आणि वर्षाचे छोटे आकडे ठोकलेले असतात, बीएसएचा काळ सिरियल नंबरवरून काढता येतो कारण संग्राहकांनी त्याच्या याद्या करून ठेवल्यात. तेव्हा शिक्के आणि नंबर यांचे जवळून काढलेले स्पष्ट फोटो हाच पुरावा धरा. नवीन स्प्रिंग, नवीन वॉशर चालू द्या, कारण चामड्याचं वॉशर वाळलं की बदलावंच लागतं. नवीन बॅरल, नवीन ट्रिगर, टेलिस्कोप मात्र नको, गनवर मुळात होते तेच साइट (नेम धरायची खूण).

कोण भाग घेऊ शकतं, कागद काय लागतात

वयाची अट तुमच्या देशाच्या कायद्याप्रमाणे लावा. अल्पवयीन मुलं असतील तर पालकाची सही तर हवीच, शिवाय एक जबाबदार मोठा माणूस पूर्ण वेळ लाइनवर त्याच्या मागे उभा हवा. अर्जासोबत एवढं मागवा:

- ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा
- गनची माहिती: कंपनी, मॉडेल, सिरियल नंबर, बोअर, अंदाजे वर्ष, आणि वर सांगितलेले फोटो
- गन परवान्यात येत असेल तर परवान्याची प्रत, मूळ परवाना स्पर्धेच्या दिवशी दाखवायला
- गन दुसऱ्याची असेल तर मालकाचं संमतीपत्र (परवान्यातली गन अशी उसनी आणता येते का हे आधी तपासा, बऱ्याच ठिकाणी येत नाही)
- सुरक्षा नियम वाचल्याची आणि तपासणीचा निर्णय मान्य असल्याची सही

अर्जाची शेवटची तारीख स्पर्धेच्या दोन-तीन आठवडे आधीची ठेवा, कारण फोटो बघून गट ठरवायला वेळ लागतो आणि अर्धे लोक पहिल्यांदा फोटो धूसरच पाठवतात. अर्ज मंजूर झाला की स्पर्धकाला गट, वेळ आणि गन कशी आणायची हे लेखी कळवा. गन रिकामी, बंद केसमध्ये, छर्रे वेगळे, आणि येताना सोबत मंजुरीची प्रत.

त्या दिवशीची तपासणी

ही पायरी कधीही गाळू नका, गन कितीही चकचकीत असली तरी. जुन्या स्प्रिंग गनमध्ये कॉक केल्यावर स्प्रिंगला धरून ठेवणारा खटका झिजलेला असू शकतो आणि खूप जुन्या गनना सेफ्टी कॅच नसतोच. बॅरल उघडी असताना तो खटका सुटला तर बॅरल जोरात वर येते आणि छर्रा भरणारी बोटं मध्ये सापडतात. म्हणून नियमच करा, छर्रा भरून बॅरल बंद होईपर्यंत दुसऱ्या हाताने बॅरल घट्ट धरलेली पाहिजे. तपासणारा माणूस अनुभवी हवा. तो गन रिकामी आहे ना बघतो, नळी सुरक्षित दिशेला ठेवून कॉक करतो, दस्त्यावर तळहाताने थाप मारतो, गन आपोआप सुटली तर ती तिथेच बाद. पास झाली तर छर्रा घालूनच बॅकस्टॉपवर सोडायची, रिकामी झाडली की पिस्टन समोर आदळून गन खराब होते.

मग क्रोनोग्राफ, म्हणजे छर्र्याचा वेग मोजायचं यंत्र. ०.५१ ग्रॅमचा छर्रा सेकंदाला २०० मीटर वेगाने निघाला तर ताकद १०.२ ज्यूल होते (वस्तुमानाचा निम्मा गुणिले वेगाचा वर्ग). म्हणजे ४.५ मिमी बोअरची अशी रायफल भारताच्या मर्यादेत बसते, इंग्लंडच्याही बसते, जर्मनीच्या ७.५ मध्ये नाही. पाच फैरी घ्या आणि सरासरी नको, सगळ्यात मोठा आकडा लिहा. कोणी घरून निघताना नळीत तेल ओतून आलं असेल तर ते दाबाने पेटतं, धूर येतो, आवाज मोठा येतो आणि वेग भलताच चढतो. अशी गन बाजूला ठेवायची, आकडे स्थिर होईपर्यंत लाइनवर नाही.

छर्रे शिशाचेच ठेवा, स्टीलच्या गोळ्या नकोत, त्या कडक बॅकस्टॉपवरून उलट्या येतात. हेनेल ३१० सारखी गन ४.४ मिमीची शिशाची गोल गोळी खाते, तिच्यासाठी अर्जात वेगळा रकाना द्या. चष्मा सगळ्यांना, प्रेक्षकांनासुद्धा. शिसं हाताला लागतं तेव्हा लाइनवर खाणंपिणं बंद आणि नंतर साबणाने हात धुवायचे.

टार्गेट, स्कोअर, हरकती

१० मीटर एअर रायफलच्या अधिकृत कार्डावर दहाचा ठिपका फक्त ०.५ मिमीचा असतो, उघड्या साइटच्या जुन्या गनला तो लावून लोकांचा हिरमोड करू नका. १० मीटर पिस्तुलाचं कार्ड घ्या, त्यात दहाचं वर्तुळ ११.५ मिमीचं आहे. सरावाला पाच छर्रे, स्कोअरला वीस, उभ्याने, बरोबरी झाली तर जास्त दहा ज्याचे तो वर. "थांबा" अशी हाक कोणीही देऊ शकतं आणि ती आली की सगळ्यांनी बोट ट्रिगरवरून काढायचं, कोणी का हाक दिली हे नंतर विचारायचं.

हरकत लेखी घ्या, निकाल लावल्यापासून अर्ध्या तासात, आणि निर्णय रेंज ऑफिसर धरून तिघांनी द्यायचा. तपासणीचा तक्ता, क्रोनोग्राफचे आकडे, स्कोअरकार्डं आणि काही छोटीमोठी घटना झाली असेल तर तिची नोंद, हे सगळं एका फाइलला लावून ठेवा. पुढच्या वेळी तीच गन आली की गट ठरवायला हेच कागद लागतात, आणि पोलिसांनी किंवा विमावाल्यांनी विचारलं तरी हेच दाखवायचे असतात. ओळखपत्रांच्या प्रती मात्र गरज संपली की फाडून टाका, लोकांनी त्या तुमच्यावर विश्वास ठेवून दिलेल्या असतात.