मॅन्युअल गिअरबॉक्सचे दोष (आधुनिक स्पोर्ट्स कार)

मॅन्युअल गिअरबॉक्सचे दोष : स्पोर्ट्स कारच्या हाताने बदलायच्या गिअरबॉक्सबद्दल ज्या तक्रारी येतात त्यांचं हे एकत्र नाव. गिअर टाकताना खर्रकन आवाज येणं, गाडी थंड असताना दुसरा गिअर न पडणं, पडलेला गिअर आपोआप निसटून न्यूट्रलला येणं, क्लचचं पेडल खालीच चिकटून राहणं, अशा सगळ्या गोष्टी यात येतात. ‘आधुनिक’ची सीमा इथे साधारण १९९० च्या दशकाच्या शेवटापासून धरली आहे, कारण सहा गिअर, ड्युअल मास फ्लायव्हील (धक्के शोषण्यासाठी दोन भागांत केलेलं इंजिनचं जड चाक), क्लच सोडवणारा द्रवाच्या दाबाचा सिलिंडर थेट बेलहाउसिंगच्या (क्लचभोवतीच्या कवचाच्या) आत आणि इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल या चारही गोष्टी एकाच गाडीत दिसायला लागल्या त्या त्याच सुमारास. एक गोष्ट मात्र सुरुवातीलाच सांगायला हवी. ‘गिअरबॉक्स गेला’ असं लोक म्हणतात तेव्हा बऱ्याचदा गिअरचे दात ठणठणीत असतात, गेलेली असते ती पितळेची एक पातळ रिंग, आणि तिला मारणारा खरा दोषी पुष्कळदा क्लच असतो.

सिंक्रोचा उगम : ही रिंग ज्या सिंक्रोमेश (थोडक्यात सिंक्रो) रचनेचा, म्हणजे गिअर पडण्याआधी फिरत्या भागांचे वेग जुळवणाऱ्या रचनेचा भाग आहे तिचं श्रेय अमेरिकेच्या अर्ल थॉम्पसन यांना दिलं जातं आणि कॅडिलॅकने ती पहिल्यांदा विक्रीच्या गाडीत बसवली. साल मात्र कुठे १९२८ तर कुठे १९२९ असं वाचायला मिळतं. यात खरं तर मोठं भांडण नाही, गाडी १९२८ मध्ये बाजारात आली पण ती १९२९ चं मॉडेल म्हणून, त्यामुळे दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबरच आहेत. खरा वाद आहे तो ‘आजचा सिंक्रो’ कधीपासून धरायचा याचा. सुरुवातीच्या साध्या प्रकारात शंकू शंकूवर घासून वेग जुळवले जायचे, पण ड्रायव्हरने घाई करून लिव्हर दाबला तर वेग जुळायच्या आधीच दात एकमेकांवर आदळू शकायचे, अडवणारं कुणी नव्हतं. वेग जुळेपर्यंत स्लीव्हला (लिव्हरने सरकणाऱ्या, गिअरला शाफ्टशी जोडणाऱ्या दातेरी कड्याला) पुढे जाऊच न देणारी ब्लॉकर रिंग नंतरची. आजच्या गाड्यांतले दोष समजून घ्यायचे तर सुरुवात या ब्लॉकर रिंगपासून धरणंच जास्त योग्य वाटतं, कारण आज झिजते तीच. पुढच्या सगळ्या गिअरना सिंक्रो देण्याचा पहिला मान बहुतेक वेळा ब्रिटनच्या आल्व्हिसला, १९३३ च्या आसपास, दिला जातो, पण इतरांचेही दावे आहेत आणि पुष्कळसं व्याख्येवर अवलंबून आहे.

यात एक वेगळी शाखा पोर्शेची. पोर्शेने शंकूऐवजी चिरलेली, म्हणजे एका जागी तुटक असलेली स्टीलची रिंग वापरली, जी घासली गेली की स्वतःच पसरून आणखी घट्ट धरते. १९५२ पासून ३५६ मध्ये ती आली, पुढे इतर कंपन्यांनीही घेतली, अल्फा रोमिओच्या १०५ मालिकेतल्या गाड्यांत हीच पद्धत होती. हाताला ती फार मऊ लागते पण घाई तिला सोसत नाही. ९११ च्या ९१५ नावाच्या गिअरबॉक्सची (१९७२ ते १९८६) पहिल्या-दुसऱ्या गिअरची खरखर तर प्रसिद्धच आहे, आणि १९८७ च्या मॉडेलपासून जी५० गिअरबॉक्स आला तेव्हा पोर्शेने स्वतःचीच पद्धत सोडून बोर्ग-वॉर्नर धर्तीची शंकूवाली रिंग घेतली. आज रस्त्यावरच्या जवळपास सगळ्या मॅन्युअल स्पोर्ट्स कार याच शंकूवाल्या घराण्यातल्या आहेत.

रिंग नेमकं काय करते : समजा पहिल्या गिअरचं प्रमाण ३.६ आणि दुसऱ्याचं २.१ आहे आणि ७,००० आरपीएमला गिअर बदलला. गाडीचा वेग तोच राहिला तर दुसऱ्या गिअरला इनपुट शाफ्ट (क्लचकडून गिअरबॉक्समध्ये येणारा दांडा) साधारण ४,०८० वर यायला हवा. म्हणजे क्लच दाबल्यापासून गिअर पडेपर्यंतच्या त्या क्षणात, सेकंदाच्या जेमतेम पाव भागात, शाफ्ट, त्याच्यावरची क्लच प्लेट आणि सतत जुळलेले सगळे गिअर एवढ्यांना २,९०० आरपीएमने खाली ओढायचं काम त्या रिंगच्या आतल्या शंकूवरच्या बारीक रेघा करतात, त्या तेलाचा थर कापतात, धातूला धातू टेकतो आणि वेग जुळतो. यात जी उष्णता होते ती वेगातल्या फरकाच्या वर्गावर जाते, तेव्हा ३,५०० ऐवजी ७,००० ला गिअर बदलला तर रिंगवरचा भार दुप्पट नाही, चौपट होतो. स्पोर्ट्स कारची रिंग साध्या गाडीच्या आधी का झिजते याचं मोठं उत्तर इथेच आहे. त्यात टॉर्क वाढला की क्लच प्लेट मोठी आणि जड लागते, आणि तिचं वजनही रिंगलाच आवरावं लागतं. उपाय म्हणून खालच्या गिअरना दोन किंवा तीन शंकूंचे सिंक्रो देतात, काही ठिकाणी कार्बनचं अस्तर असतं.

उघडलेल्या गिअरबॉक्समधली झिजलेली रिंग नवीनच्या शेजारी ठेवली की सगळं दिसतं. नवीन रिंगच्या दातांची टोकं घराच्या छपरासारखी टोकदार, दोन्ही बाजूंना उतार असलेली, जुनीची गोल झालेली, आणि आतल्या रेघा, ज्या नखाला खरखरीत लागायला हव्यात, त्या गुळगुळीत चकचकीत. रिंग शंकूवर बसवून दाबली की तिच्यात आणि गिअरमध्ये जी फट राहते ती मोजतात. फट मिटत आली म्हणजे रिंग इतकी आत सरकतेय की ती आता काही धरू शकत नाही. नुसती रिंग बदलून स्लीव्ह तसाच ठेवला आणि त्याचे दातही गोल झालेले असले तर खर्र परत येते, मग परत गिअरबॉक्स खाली. हा खर्च लोकांना दोनदा पडतो म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

क्लच की सिंक्रो : या नोंदीतला सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच. क्लच पूर्ण सुटत नसेल तर रिंगला नुसता शाफ्ट नाही, थोडंफार इंजिनच ओढावं लागतं, आणि ते तिच्या कुवतीबाहेरचं आहे. ओळखायची जुनी पद्धत आजही उपयोगी पडते, गाडी उभी, इंजिन चालू, न्यूट्रलमध्ये क्लच पूर्ण दाबून काही सेकंद थांबायचं आणि मग हळू रिव्हर्स टाकायचा. बऱ्याच गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रो नसतो किंवा अगदी साधा असतो, त्यामुळे थांबूनही खर्र आली तर शाफ्ट अजून फिरतोय, म्हणजे क्लच धरून ठेवतोय. सगळ्याच गिअरना त्रास असेल तर संशय क्लचवर घ्यायचा आणि एकाच गिअरला असेल तर त्या गिअरच्या सिंक्रोवर, हा नियम अगदी अचूक नसला तरी बरीच मजुरी वाचवतो.

क्लच न सुटण्याची कारणं आधुनिक गाडीत वेगळी झाली आहेत. पूर्वी सिलिंडर बाहेर असायचा आणि फाटा ढकलायचा, आता तो शाफ्टभोवतीच बसतो, रिलीज बेअरिंगसकट. जागा वाचते, पेडल गुळगुळीत लागतं, पण सील गळलं तर अख्खा गिअरबॉक्स उतरवल्याशिवाय हात पोचत नाही. निसान ३७०झेडचा हा आतला सिलिंडर याबाबतीत फार बदनाम आहे, पेडल एक दिवस खाली जातं आणि वर येत नाही, आणि बरेच मालक तो बदलताना बाहेरचा सिलिंडर बसवायचा मार्ग शोधतात. कॉर्व्हेटच्या सी५ आणि सी६ पिढ्यांत जास्त आरपीएमला गिअर बदलताना पेडल तळाला चिकटण्याची तक्रार होती. कारणाबद्दल एकमत नाही, कुणी तापलेल्या आणि घाण झालेल्या फ्लुइडला दोष देतं तर कुणी वेगाने फिरताना प्रेशर प्लेटच्या (क्लच प्लेट दाबून धरणाऱ्या भागाच्या) स्प्रिंगच्या बोटांवर येणाऱ्या बाहेरच्या ओढीला. फ्लुइड बदलल्यावर बऱ्याच गाड्या सुधारल्याचं सांगितलं जातं त्यामुळे पहिलं कारण जास्त पटतं, निदान तपासायला ते स्वस्त आहे. बीएमडब्ल्यूसारख्या काही गाड्यांत क्लचच्या लाइनमध्ये फ्लुइड मुद्दाम हळू सोडणारा व्हॉल्व्ह असतो, झटक्यापासून बाकीची यंत्रणा वाचावी म्हणून, पण त्यामुळे पाय सोडला तरी क्लच मागून धरतो आणि गाडी अडखळते, आणि लोक गिअरबॉक्सला नावं ठेवतात.

तेलाचा वाद : गिअरच्या तेलाचा दर्जा जीएल-४ हवा की जीएल-५ हा प्रश्न मालकांमध्ये जितका पेटतो तितका दुसरा कुठला पेटत नसेल. जीएल-५ मध्ये गंधक-फॉस्फरसची जास्त मात्रा असते, डिफरन्शियलच्या (चाकांना ताकद वाटून देणाऱ्या भागाच्या) एकमेकांवर जोरात घसरणाऱ्या हायपॉइड दातांसाठी ती लागतेच, पण सिंक्रोच्या पितळेला ती दोन प्रकारे नडू शकते, एक म्हणजे तापल्यावर धातू खाणं आणि दुसरं म्हणजे जास्तच निसरडं करून रिंगची पकड घालवणं. पहिल्या मुद्द्यावर आता जोर कमी झालाय कारण नव्या तेलांतली द्रव्यं पितळेला तितकी घातक राहिलेली नाहीत असं सांगितलं जातं. दुसरा मुद्दा मात्र तसाच आहे. रिंगला घर्षण हवं असतं, फार चांगलं वंगण हे तिच्यासाठी वाईट वंगण, एवढं लक्षात घेतलं तर वादाचा अर्धा भाग मिटतो. ज्या गाड्यांत गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल एकाच खोक्यात आणि एकाच तेलात असतात तिथे कंपनीलाच मधला मार्ग काढावा लागतो, म्हणून अशा गाडीत कंपनीने सांगितलेलंच तेल घालावं.

थंडीतली तक्रार याच्याशी जोडलेली आहे. तेल घट्ट असताना रिंगला ते लवकर कापता येत नाही, आणि शाफ्टवर तेलाचा ओढा पडून पहिल्या-दुसऱ्यात बदलताना लिव्हर अडतो. जुन्या फेरारींमध्ये तेल तापेपर्यंत पहिल्यावरून थेट तिसऱ्यात जायची सवय मालकांना होती. टोयोटा ८६ आणि सुबारू बीआरझेडच्या पहिल्या पिढीत (२०१२ पासून) थंड गाडीत दुसरा गिअर खडबडीत पडतो ही नेहमीची नोंद आहे, काही मिनिटं चालवल्यावर तो सुरळीत होतो, याला दोष म्हणावं की स्वभाव हे ज्याचं त्याने ठरवावं.

गाडीनिहाय नोंदी : निसान ३५०झेडचा सहा गिअरचा बॉक्स सीडी००१ पासून सुधारत सुधारत सीडी००९ पर्यंत आला, शेवटच्यात खालच्या तीन गिअरना तीन शंकूंचे सिंक्रो आहेत आणि आज इंजिन बदलणारे लोक मुद्दाम तोच शोधतात, म्हणजे तक्रारींतूनच एक चांगली वस्तू तयार झाली. फोर्ड मस्टँगच्या २०११ च्या मॉडेलपासून आलेल्या गेट्राग कंपनीच्या एमटी-८२ गिअरबॉक्सबद्दल थंडीत गिअर न पडणं आणि जास्त आरपीएमला दुसरा-तिसरा नाकारला जाणं अशा तक्रारी अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा खात्यापर्यंत गेल्या. नंतर शेल्बी जीटी३५० ला फोर्डने ट्रेमेक कंपनीचा टीआर-३१६० गिअरबॉक्स दिला. माझदा एमएक्स-५ च्या एनडी पिढीत सुरुवातीच्या गाड्यांचे बॉक्स तुटल्याच्या नोंदी आहेत आणि कंपनीने आतले भाग पुढे बदलले. पोर्शेने ९९१ पिढीच्या ९११ मध्ये पहिल्यांदा सात गिअरचा मॅन्युअल आणला, तो दुहेरी क्लचच्या पीडीके बॉक्सवरून काढलेला, आणि सातव्यात चुकून जाऊ नये म्हणून पाचवा किंवा सहावा टाकल्याशिवाय सातव्याची वाट उघडतच नाही.

चुकीचा गिअर : तिसऱ्यात ७,००० ला असताना चौथ्याऐवजी दुसरा पडला तर (प्रमाणं १.५ आणि २.१ धरली तर) क्लच सोडताच इंजिन ९,८०० वर ओढलं जातं. आरपीएमला मर्यादा घालणारा रेव्ह लिमिटर इथे काहीच करू शकत नाही, तो फक्त इंधन तोडतो, चाकं इंजिनला फिरवतात ते त्याच्या हातात नाही. व्हॉल्व्ह पिस्टनला भिडतात. पोर्शेच्या कॉम्प्युटरमध्ये अशा जास्तीच्या फिरण्याची नोंद टप्प्याटप्प्यांत राहते, म्हणून जुनी गाडी घेणारे ती आधी वाचून घेतात. ढिल्या झालेल्या केबल आणि बुशमुळे हे जास्त घडतं, मधे किंवा मागे इंजिन असलेल्या गाड्यांत लिव्हर आणि बॉक्स यांच्यात लांब केबल असतात त्यामुळे तिथे विशेष. इंजिनच्या माउंट सैल झाल्या तरी तेच, जोरात वेग घेताना इंजिन हलतं आणि गेटची (लिव्हर ज्या खाचांतून जातो त्यांची) जागाच थोडी सरकते.

रेव्ह हँग : पाय काढला तरी आरपीएम पटकन खाली न येणं. यात गिअरबॉक्सचा दोष काही नाही, थ्रॉटल एकदम बंद झाला तर जळण अर्धवट राहून धूर बिघडतो म्हणून कॉम्प्युटर तो हळू मिटवतो, जड ड्युअल मास फ्लायव्हील त्यात भर घालतं. हलकं एकसंध फ्लायव्हील बसवलं तर आरपीएम झटकन पडतात, पण मग न्यूट्रलमध्ये गिअरच्या दातांचा खडखडाट ऐकू येतो, २०१६ च्या पोर्शे ९११ आर मध्ये असं फ्लायव्हील पर्याय म्हणून होतं आणि तो आवाज त्याचा भाग होता. खालचा गिअर टाकताना आरपीएम आपोआप जुळवायची सोय पहिल्यांदा निसान ३७०झेडमध्ये आली, तिच्यामुळे चाकांना बसणारा झटका आणि क्लचची झीज कमी होते. रिंगला मात्र तिचा फायदा फारसा नाही, कारण क्लच दाबलेला असताना इंजिन कितीही फिरलं तरी शाफ्ट त्याच्याबरोबर फिरत नाही, त्यासाठी न्यूट्रलमध्ये क्लच सोडून परत दाबावा लागतो.

टॉर्कची मर्यादा : बीएमडब्ल्यू एम३ ची (जी८० पिढी) मॅन्युअल आवृत्ती ५५० न्यूटन-मीटरवर थांबते, ६५० वाली कॉम्पिटिशन फक्त ऑटोमॅटिकमध्ये मिळते. कॉर्व्हेटच्या सी८ पिढीत मॅन्युअल नाहीच. तरी कॅडिलॅक सीटी५-व्ही ब्लॅकविंगने ६६८ अश्वशक्तीला सहा गिअरचा ट्रेमेक लावून दाखवला आहे, त्यामुळे ताकद झेपत नाही हे कारण पूर्ण खरं धरता येत नाही, वेगाने गिअर बदलण्याची आणि विक्रीची गणितंही त्यात आहेत. २०२२ मध्ये दाखवलेल्या कोनिगसेग सीसी८५० मध्ये लिव्हर आणि क्लच पेडल दोन्ही आहेत पण ते इलेक्ट्रॉनिक पद्धतीने नऊ गिअरच्या अनेक-क्लचच्या बॉक्सला हुकूम देतात. आत सिंक्रो रिंगच नाही, म्हणून ही गाडी या नोंदीच्या कक्षेबाहेर ठेवली आहे.