हाफ ए अवर की हाफ ॲन अवर? मागचा सगळा किस्सा

मालवणात आतेभावाने होमस्टे काढला, बोर्डावर पेंटरकडून लिहून घेतलं 'बीच हाफ ए अवर'. मी म्हटलं दादा, तिथे ॲन हवं. तर म्हणतो, "अरे पण एच स्वर खंय असा?" त्याचीही चूक नाही, शाळेत आपल्याला ए-ई-आय-ओ-यू घोकून घेतलं आणि विषय संपवला, हे असं का ते कोणी सांगितलंच नाही.

तर मुळात ए आणि ॲन हे दोन शब्दच नव्हते. जुन्या इंग्रजीत 'आन' असा एकच शब्द होता आणि त्याचा अर्थ चक्क एक. आपण गोष्ट सांगताना 'एक राजा होता' म्हणतो ना, तिथे राजे मोजत नसतो, तसंच त्या 'आन'चं झालं, मोजण्याचं काम सुटलं आणि तो नुसता नामाआधी चिकटायला लागला. आपला 'एक' आणि त्यांचा 'आन' मुळात भाऊबंदच, इंडो-युरोपियन घराण्यातले. मग साधारण 12व्या शतकापासून पुढे व्यंजन आलं की बोलताना न गळायला लागला, स्वर आला की टिकला. म्हणजे ॲन जुना, ए त्याचा झिजलेला तुकडा, आणि शाळेत आपण नेमकं उलटं समजतो की ए ला न जोडून ॲन झाला.

खरी गंमत पुढेच आहे. हा न कोणाचा, आधीच्याचा की पुढच्याचा, यात खुद्द इंग्रजांचाच घोळ झाला. गावच्या टेनिस बॉल टुर्नामेंटमध्ये सगळे ज्याच्यावर ओरडतात तो अंपायर मूळचा 'नंपायर', जुन्या फ्रेंचमधून आलेला, अर्थ जोडीत नसलेला, म्हणजे तिसरा माणूस. 'ए नंपायर' म्हणता म्हणता लोकांना 'ॲन अंपायर' ऐकू आलं आणि बिचाऱ्याचा न गेला तो गेलाच. ॲप्रन तसाच, आधी नॅप्रन होता. ॲडर म्हणजे आपल्या फुरश्याच्याच कुळातला साप, त्याच्याही नावात सुरुवातीला न होता. निकनेमचं मात्र उलट, मूळ शब्द 'एकनेम', त्यातला एक आपला नाही हां, अर्थ 'आणखी', म्हणजे जास्तीचं नाव, त्याला ॲनचा न येऊन चिकटला. आमच्याकडे वाडीत प्रत्येकाला असं एक जास्तीचं नाव असतंच, कधीकधी खरं नाव पोस्टमनलाच माहीत.

आता एचचं. अवर, ऑनेस्ट हे शब्द फ्रेंचमधून आले, तिथे ह बोलतच नाहीत, म्हणून ॲन. पण 1611 च्या किंग जेम्स बायबलमध्ये 'ॲन हाउस' पण सापडतं, म्हणजे तेव्हा नियम आजच्याइतका पक्का नव्हता. जुन्या पुस्तकांत 'ॲन हॉटेल' पण दिसेल.

थोडक्यात स्पेलिंग बघायचंच नाही, तोंडातून पहिला आवाज काय निघतो ते ऐकायचं. युनिव्हर्सिटी य ने सुरू म्हणून ए, आणि आपली लाल डबा, एसटी, लिहिताना एस असला तरी बोलताना 'ए' आधी येतो म्हणून ॲन एसटी बस. एमएलए पण ॲन. आणि वन-रूपी कॉइनला ए, कारण वन चा उच्चार पुढे व ने व्हायला लागला, म्हणजे 'ए वन' म्हणताना आपण एकच जुना शब्द दोनदा बोलतो.

दादाला एवढं सगळं सांगितलं. शेवटी पेंटरने ए च्या बाजूला बारीक एन घुसवलाय, जागा नव्हती, तो आता अवरला चिकटून 'नवर' दिसतोय.